मी आत्ताच आलोय

मराठीत "बाईक ट्रिपला चाललेय" असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे बुलेट येते, जॅकेट येतं, लेह-लडाख येतं. आमच्या सोसायटीतल्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, या वयात? आणि चालवणार कोण?" मी म्हटलं काकू मोटरसायकल नाही हो, साधी सायकल, पायडल मारायची, तर त्यांचा चेहरा अजूनच पडला. म्हणजे एवढे पैसे घालून, व्हिसाच्या रांगेत अर्धा दिवस काढून, युरोपात जाऊन सायकल मारायची? ती तर कर्वे रोडलाही मारता येते की! यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आताही फारसं नाहीये, पण कर्वे रोडला सायकल मारता येते हे त्यांचं म्हणणं मात्र मी खोडून काढू शकले असते.

तर मायोर्का. भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट, आणि जर्मन लोक त्याला गमतीत आपलं सतरावं राज्य म्हणतात (त्यांची खरी सोळा आहेत), इतके ते तिथे जाऊन पडलेले असतात. ही आयडिया म्हणूनच आमच्या म्युनिककराची. तो म्युनिकला पंचवीस वर्षं राहतोय आणि दरवर्षी ग्रुपवर मायोर्काचे फोटो टाकून आम्हाला जळवतो. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. म्युनिककर, डॉक्टर (ही बाई, हाडांची), सासवडकर, जो बँकेतून लवकर रिटायर होऊन आता पूर्णवेळ अंजिराच्या बागेत असतो, आणि मी. कॉलेजात असताना आम्ही बिनगिअरच्या सायकली घेऊन सिंहगड, पानशेत, एकदा तर महाबळेश्वर असे उद्योग केलेत. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं चौघांनी एकत्र केलेला सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे म्युनिककराच्या आईच्या तेराव्याला पुण्याहून नगरला जाणं.

माझ्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कुर्चेची गादी. डॉक्टरनेच केलं, म्हणजे तिच्या ओळखीच्याने केलं, ती म्हणाली मैत्रिणीचा गुडघा मी उघडणार नाही, नंतर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. तिने परवानगी दिली पण एका अटीवर, की ही ट्रिप "रमतगमत" असेल. म्युनिककराने लगेच हो हो म्हटलं आणि रोजचे किलोमीटर आणि चढ यांची एक्सेल शीट पाठवली.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता, पुण्यात चाळीसच्या वर आणि तिथे सकाळी स्वेटर. आम्ही उत्तरेला पोर्ट दे पोयेन्सा या गावात उतरलो. स्पेलिंगमध्ये तिथे दोन एल असतात, आणि त्या बेटावर दोन एल म्हणजे जवळजवळ आपला 'य', हे समजेपर्यंत आम्ही टॅक्सीवाल्याला "पोलेन्सा पोलेन्सा" करून छळलं. सायकली भाड्याने मिळतात आणि त्या मिळायची पद्धत म्हणजे एखाद्या टेलरकडे गेल्यासारखी, उंची मोजणार, सीट वरखाली करणार, बसवून पायडल मारायला लावून गुडघ्याकडे बघत राहणार. दुकानातल्या पोराने माझ्या गुडघ्यावरची खूण बघितली आणि काही न बोलता मला सगळ्यात हलके गिअर असलेली सायकल काढून दिली. मला आधी राग आला, पुढे त्या पोराचे उपकार आठवून आठवून चढ चढले.

पहिल्या दिवशी फोर्मेंतोरचं टोक. म्हणजे बेटाची उत्तरेकडे समुद्रात घुसलेली एक करंगळी आहे, तिच्या नखावर १८६३ सालचा दीपस्तंभ. रस्ता सारखा वर जातो, खाली जातो, परत वर जातो, आणि माणसाला चीड अशी की खाली उतरताना मिळालेला आनंद परतीच्या वाटेवर व्याजासकट फेडायचाय हे आधीच दिसत असतं. बकऱ्या मात्र भरपूर, ऐन वळणावर उभ्या राहून आपल्याकडे बघतात. बाकी रस्ता म्हणजे काय सांगू, ताटात वाढून घ्यावा असा. आणि गाड्या! तिथे सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं हा कायदा आहे आणि दोन सायकलींनी शेजारी-शेजारी चालणंही कायदेशीर, त्यामुळे मागे बस आली तर ती मुकाट्याने मागे मागे येत राहते, हॉर्न नाही काही नाही. पहिल्या दिवशी मला ते सहनच होईना. मी घाबरून कडेला उतरून हात करून त्यांना पुढे जायला सांगायचे. दुसऱ्या दिवशी नुसती कडेला व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी मागे बस आहे हे मला डॉक्टरने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. माज चढायला तीन दिवस पुरतात.

बुधवारी बेटाच्या मधल्या सपाट भागात गेलो. तिथल्या सिनेउ गावात बुधवारचा आठवडी बाजार भरतो, राजाने त्याला परवानगी दिली ती १३०६ साली, म्हणजे सातशेहून जास्त वर्षं दर बुधवारी. गुरं-मेंढ्या, कोंबड्या, त्यांच्या शेजारी मोबाईलची कव्हरं. सासवडकर तिथून हलेना. त्याला स्पॅनिश येत नाही, मायोर्कन येत नाही, इंग्लिशही तो बँकेपुरतंच बोलतो, पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर अंजिराच्या रोपांपाशी त्याने चांगली वीस मिनिटं गप्पा मारल्या, दोघंही आपापल्या भाषेत आणि हातांनी. परत आला आणि म्हणाला, "त्याची जमीन आपल्यासारखीच आहे, हलकी, चुनखडीची." पुरंदर तालुक्यात चुनखडी कुठे आहे रे, असं मी विचारलं तर म्हणाला, "हलकी आहे ना." विषय संपला.

त्या सपाटीवरच्या रस्त्यांबद्दल खरं तर जास्त लिहायला पाहिजे. दोन्ही बाजूंना चुना-माती न वापरता रचलेल्या दगडांच्या भिंती, बदामाची झाडं, खरनूबाची (गोड शेंगांची) झाडं, गव्हात लाल पॉपी, आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा सारख्या वाजत असतात. चौघं दोन-दोनच्या रांगेत, बोलत बोलत. सायकलवर बोलण्याची एक गंमत अशी की समोरासमोर बघायचं नसतं, दोघंही पुढे बघत असता, त्यामुळे माणूस जे टेबलावर बसून बोलणार नाही ते बोलून जातो. डॉक्टरने मला तिच्या घटस्फोटाबद्दल पहिल्यांदा नीट सांगितलं ते मुरो आणि सिनेउच्या मध्ये कुठेतरी, आणि तेवढ्यात रस्ता अरुंद झाला, मागून ट्रॅक्टर आला, आम्ही एकामागे एक झालो, आणि परत शेजारी आलो तेव्हा ती दुसऱ्याच विषयावर होती.

पेत्रा गावात जेवलो. तिथला चौक म्हणजे सायकलवाल्यांची पंढरी, दुपारी बारा वाजता दोनशे सायकली भिंतीला टेकलेल्या. कॅलिफोर्नियात चर्चच्या वसाहती उभ्या करणारा हुनिपेरो सेरा हा पाद्री १७१३ साली याच गावात जन्मला, त्याचं म्हणून दाखवतात ते घर आहे, आम्ही बाहेरून बघितलं कारण भूक लागली होती. खाल्लं ते पाम्बोली. पाव, त्यावर टोमॅटो घासायचा, ऑलिव्हचं तेल, मीठ. झालं. त्यांचा पाव बिनमिठाचा असतो आणि टोमॅटोही या कामासाठीचे वेगळे, लहान, जाड सालीचे, ते दोऱ्यात ओवून आपण लसणाच्या माळा टांगतो तसे टांगून ठेवतात आणि महिनोन्महिने पुरवतात. ऐकायला काहीच नाही आणि खायला लागलं की थांबता येत नाही, आपल्या तेल-तिखट-चटणी-भाकरीच्या गोत्रातलं.

इथेच एक दुर्घटना उघडकीला आली. डॉक्टर पक्की शाकाहारी. दोन दिवस ती रोज सकाळी एन्साइमादा खात होती, म्हणजे तिथली ती गोल गोल गुंडाळलेली, वरून पिठीसाखर भुरभुरवलेली पेस्ट्री, इतकी हलकी की हातात धरली तर उडून जाईल. "हे बघ, हे मला चालतं," असं दोन दिवस दोन-दोन. पेत्राला म्युनिककर सहज बोलून गेला की 'साइम' म्हणजे मायोर्कन भाषेत डुकराची चरबी, त्यावरूनच नाव पडलंय. शांतता. डॉक्टरने हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुला हे कधीपासून माहितीये?" तो म्हणाला, दहा-बारा वर्षं असेल. त्यापुढचा संवाद इथे देता येणार नाही.

आता गुरुवार. सगळी ट्रिप ज्यासाठी लिहायला घेतली तो गुरुवार.

सा कालोब्रा हा रस्ता सायकलवाल्यांमध्ये जगप्रसिद्ध आहे. उत्तर-पश्चिमेची जी डोंगररांग आहे, सेरा दे त्रामुंताना, तिच्यातून ६८२ मीटरवरच्या खिंडीतून हा रस्ता थेट समुद्रावर उतरतो, साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, आणि गंमत म्हणजे खाली काही नाही. एक चिमुकली खाडी, दोन-चार हॉटेलं, एक घळ. आणि रस्ता तिथेच संपतो. जितकं उतराल तितकं परत चढायचं. अंतोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनियरने १९३२ मध्ये तो बांधला, आणि एका ठिकाणी त्याला हवा तसा चढ मिळेना म्हणून त्याने रस्त्याला पूर्ण गोल गिरकी देऊन त्याच रस्त्याच्या खालून काढला. त्या जागेचं नाव टायची गाठ. सकाळी टाय बांधताना त्याला सुचलं असं सांगतात, खरं-खोटं तोच जाणे.

आमचा प्लॅन रमतगमत वाल्यांचा होता. सामान टॅक्सीने पुढच्या मुक्कामाला, पोर्ट दे सोयेरला, पाठवायचं. आपण सायकलने खिंडीपर्यंत जायचं, मजेत समुद्रापर्यंत उतरायचं, आणि खालून सोयेरला जी बोट जाते तिच्यात सायकली टाकून आरामात जायचं. म्हणजे सा कालोब्रा उतरलो असं सांगता येईल आणि चढावं लागणार नाही. म्युनिककर म्हणाला ही चीटिंग आहे, डॉक्टर म्हणाली हा वैद्यकीय सल्ला आहे.

उतार मात्र काय वर्णावा! पांढरेफटक चुनखडीचे कडे, त्यात नागमोडी काळा रस्ता, प्रत्येक वळणावर समुद्र एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, ती टायची गाठ, आणि शेवटी शेवटी दोन प्रचंड खडकांच्या फटीतून रस्ता जातो तिथे आपोआप डोकं खाली होतं. मी ब्रेक दाबून दाबून उतरले, बोटं बधिर झाली, पण तोंडावर हसू होतं आणि ते मला काढून टाकता येत नव्हतं. खाली पोचले तर बाकी तिघं धक्क्यापाशी उभे. तिकीटखिडकी बंद. शेजारच्या हॉटेलवाल्याने काही न बोलता हनुवटीने समुद्राकडे दाखवलं. खाडीत पाणी निवांत दिसत होतं, पण बाहेर तोंडाशी लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या. उत्तरेचा वारा, त्रामुंताना. डोंगराचं नावच त्याच्यावरून पडलंय, म्हणजे सूचना शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेली होती. सकाळी एक फोन केला असता तर कळलं असतं. फोन कोणी करायचा होता यावर अजून ग्रुपवर वाद चालू आहे.

"मिळेल एखादी बस," डॉक्टर म्हणाली. एका टुरिस्ट बसवाल्याला विचारून बघितलं, तो चार सायकलींकडे बघून हसला. सासवडकर तोपर्यंत बाटल्या भरून आला होता. "चला," म्हणाला, "ऊन वाढायच्या आत."

सरासरी सात टक्के चढ. आकड्यात सांगायचं तर फार नाही, सिंहगडाच्या घाटाचाही पल्ला साधारण तेवढाच आहे आणि तो काही ठिकाणी जास्त अंगावर येतो. व्यावसायिक रायडर हा चढ अर्ध्या तासाच्या आत चढतात. पहिल्या दोन वळणांत तिघं पुढे गेले. मीच सांगितलं जा म्हणून. चढावर एकमेकांसाठी हळू जाता येत नाही, ज्याचा त्याचा वेग असतो आणि त्याहून हळू गेलं तर जास्त दमायला होतं, हे मला माहिती आहे. मला हेही माहिती आहे की मागे राहणाऱ्याला ते ऐकून काही बरं वाटत नाही.

कारण मी कधी मागे राहिलेच नव्हते. सिंहगडला मी पहिली असायचे, पोरांच्याही पुढे, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता. शेवटचा ठरलेला, सासवडकर. तेव्हा तो जाडा होता, त्याची सायकल वडिलांची, बावीस इंची, दांड्याची. आम्ही वर पोचायचो, पिठलं-भाकरी मागवायचो, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं होऊन तंगड्या पसरून बसायचो आणि मग तो येताना दिसायचा, घामाने निथळत, सायकल ढकलत. आणि तो टेकला की मी म्हणायचे, "आला? चला मग, निघूया."

हे मला सा कालोब्राच्या कुठल्यातरी सातव्या-आठव्या वळणावर आठवलं, अगदी माझ्या आवाजासकट. चला मग निघूया. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त बसायची गरज त्याला सगळ्यात कमी बसायला मिळायचं, दर रविवारी, दोन वर्षं. एवढं साधं गणित मला तेव्हा दिसलं नव्हतं. चढावर माणसाला दुसरं काही करता येत नाही, त्यामुळे असलं काही एकदा डोक्यात शिरलं की ते पायडलच्या तालावर फिरत राहतं. आला चला, आला चला. मी दोनदा उतरले. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच. एक सत्तरीचे गृहस्थ मला ओलांडून गेले आणि जाता जाता "आनिम!" म्हणाले, म्हणजे हिंमत धर असं काहीतरी. मला त्यांना बकरीने मारावं असं वाटलं.

टायच्या गाठीखालून गेले, वरच्या पुलावरून कोणीतरी हाक मारली असं वाटलं, बघितलं तर कोणी नव्हतं. गुडघा बरा होता, हे मुद्दाम सांगते कारण डॉक्टर हे वाचणार आहे. गेलं होतं ते बाकी सगळं. खिंडीत पोचले तेव्हा निघाल्यापासून पावणेदोन तास झाले होते.

कठड्याच्या भिंतीवर सासवडकर बसला होता, एकटाच. बाकीचे दोघं थंडी वाजते म्हणून पुढे उतरून गेले होते. त्याच्या मांडीवर रुमाल पसरलेला आणि तो एक संत्रं सोलत होता, अगदी सावकाश, एकेक शीर काढून. मी सायकल टाकली. मला वाटलं तो आता उठेल. उठला नाही. शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाला, "बस. मी आत्ताच आलोय."

त्याच्या जर्सीवरचा घाम पार वाळला होता, मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या पाठीवर. रुमालावर आधीच्या दोन संत्र्यांची सालं होती.

मी बसले. आम्ही अर्धा तास बसलो असू. त्याने संत्र्याच्या फोडी दिल्या, मग शेंगदाण्याचा लाडू काढला, तो सासवडहून आणलेला, त्याचा चुरा झाला होता. खाली रस्ता दिसत होता, त्यावर मुंग्यांसारखे सायकलवाले. उठायचं कधी हे त्याने एकदाही सुचवलं नाही. शेवटी मीच म्हटलं चल.

त्या रात्री सोयेर गाठणं शक्यच नव्हतं, म्हणून जवळच्या युकच्या मठात राहिलो. हे बेटावरचं सगळ्यात मोठं तीर्थस्थान, युक नावाच्या एका गुराख्याच्या पोराला इथे काळ्या देवीची मूर्ती सापडली अशी कथा आहे, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या देवस्थानांची असते तीच. यात्रेकरूंसाठी साध्या खोल्या मिळतात. सामान सगळं सोयेरला, आम्ही चौघं सायकलच्या चड्ड्यांवर, डॉक्टरने कुठूनतरी साबणाची वडी पैदा केली. जेवायला बसल्यावर वाइन पोटात गेली आणि मी बोलून टाकलं. म्हटलं, "तुला सिंहगड आठवतो का रे? आम्ही तुला टेकू पण द्यायचो नाही. मी तर नाहीच."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "छे, मला तर तेवढंच आठवतंय की माझे ब्रेक गेले होते आणि तू मला उतरायला तुझी सायकल दिलीस."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी कोणाला माझी सायकल दिली असेल हेच शक्य वाटत नाही. "मग तुझी बिनब्रेकची कोणी उतरवली?" म्युनिककराने विचारलं. "मी," डॉक्टर म्हणाली, "चप्पल घासत." म्युनिककर म्हणाला शक्य नाही, तू त्या दिवशी आलीच नव्हतीस, तुझी परीक्षा होती. मग दीड तास नुसती भांडणं. मी इतकी वर्षं न केलेली माफी मागायला बसले होते आणि ती कोणी घेतच नव्हतं, सगळे ब्रेकवर अडकलेले.

पुढचे दोन दिवस झरझर सांगते. युकहून सोयेरला जाताना आधी दोन तलाव, मग थंडगार बोगदा, आणि त्यानंतर इतका लांब उतार की जांभई आली. सोयेर म्हणजे डोंगरांनी वेढलेली संत्र्यांची वाटी. १९१२ मध्ये पाल्माची, म्हणजे बेटाच्या राजधानीची, रेल्वे येईपर्यंत डोंगर ओलांडण्यापेक्षा जहाजाने फ्रान्सला माल पाठवणं सोपं, त्यामुळे गावाचा अर्धा जीव फ्रान्समध्ये. ती लाकडी डब्यांची गाडी अजून चालते. सासवडकराने तिथल्या डोंगरउतारावरच्या ताली बघून अक्षरशः टोपी काढली. आपण शेताला घालतो तशाच दगडी ताली, पण डोंगराच्या माथ्यापर्यंत, एकावर एक, शेकडो वर्षं कोरड्या रचलेल्या. त्यांच्यामुळेच या सगळ्या डोंगररांगेला २०११ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळालाय. "आणि आमच्याकडे जेसीबी लावून काढतात," एवढंच बोलला.

देयाच्या टेकडीवर रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीची कबर आहे, ओल्या सिमेंटवर काडीने लिहावं तसं नाव, खाली 'पोएता' आणि तारखा, बास. मला ती फार आवडली. वाल्देमोस्साच्या मठात शोपँ हा संगीतकार १८३८ च्या हिवाळ्यात जॉर्ज सॅंड या फ्रेंच लेखिकेबरोबर राहिला होता, तो खोकत होता, पियानो वेळेवर येईना, आणि तिने नंतर गावकऱ्यांबद्दल सडकून वाईट लिहिलं. आता गावातल्या प्रत्येक दुकानात तेच पुस्तक सहा भाषांत विकायला ठेवलेलं. कोकणात कोणी असं केलं असतं तर... जाऊ दे. केलं असतं, आंब्याच्या पेटीबरोबर फुकट दिलं असतं.

शेवटच्या दिवशी पाल्माला जायचं, सोयेरच्या जुन्या घाटाने. १९९७ मध्ये डोंगराखालून बोगदा झाला, गाड्या सगळ्या तिकडून, त्यामुळे हा घाट आता रिकामा. दोन्ही बाजू धरून पन्नासच्या वर वळणं आहेत. पायथ्याशी थांबलो तेव्हा सासवडकर म्हणाला, "पुढे तू." मी म्हटलं मी हळू जाईन. म्हणाला म्हणूनच.

तर मी पुढे आणि तिघं मागे, माझ्या वेगाने, म्हणजे त्यांना गप्पा मारता येतील इतक्या निवांत वेगाने. मला दम लागलेला, तोंडातून शब्द फुटत नाहीये, आणि मागे यांची बडबड अखंड, मला प्रत्येक शब्द ऐकू येतोय. ऑलिव्हची म्हातारी, पिळवटलेली झाडं, खाली सोयेरच्या घरांची कौलं लहान होत चाललेली. कुठल्यातरी विसाव्या वळणावर गाडी परत सिंहगडावर आली. डॉक्टर म्हणत होती माझी चप्पल त्या दिवशी झिजून भोक पडलं, आई ओरडली, मग मी नव्हते कशी? म्युनिककर म्हणत होता ती पानशेतची चप्पल. सासवडकर म्हणत होता काहीही असो, मी मात्र हिच्या लाल सायकलवरून उतरलो.

आणि मला आठवलं. सगळं, एकदम, दोरीसकट. माझी सायकल लाल कधीच नव्हती, हिरवी होती. लाल सायकल भाड्याची, तासावर आणलेली, आणि त्या दिवशी ती त्याच्याचकडे होती कारण वडिलांची सायकल पंक्चर. ब्रेक गेले ते तिचे. आणि तिच्यावरून कोणीही उतरलं नाही, तो नाही, मी नाही, डॉक्टर तर नाहीच. मला मागे वळून हे सांगायचं होतं, पण तोंड उघडलं की फक्त हवा जात होती, बाहेर काही येत नव्हतं. एक वळण झालं, दोन झाली. मागे चप्पल अजून चालूच. मी हात वर केला, तर त्यांना वाटलं मागून गाडी येतेय, तिघंही शिस्तीत एका रांगेत आले आणि गप्प झाले. सहा वळणं मी ते वाक्य तोंडात धरून चढले.

खिंड आली. मी पाय टेकवला, हॅंडलवर डोकं ठेवलं, श्वास परत येईपर्यंत थांबले. कोणी काही बोललं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. मग डोकं वर करून म्हटलं,

"जीपच्या टपावर बांधून आणली होती रे गाढवांनो. आणि जीपचे पाच रुपये अजून माझे यायचेत."